ह्यांच्या तोंडाचा वास

चंदू मानखुर्दहून एकटाच परत आला, तेव्हाच मी समजले की काहीतरी बिनसलंय. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. सव्वा महिना होऊन गेला होता, आज तो तिला आणि नातीला घेऊन येणार म्हणून मी सकाळपासून घर धुऊन काढलं होतं. पाळण्याला नवी दोरी बांधली होती. चंदूने चपला काढल्या, मोरीत पाय धुतले आणि बाहेरच्या खोलीत न जाता माझ्यापाशी येऊन उभा राहिला. पण आमच्या दोन खोल्यांत लपून बोलायला जागा कुठे? ह्यांनी बाहेरूनच विचारलं, मीरा खंय?

चंदू आमचा लोण्यासारखा मऊ. बापाशी बोलताना तो नेहमी भिंतीकडे बघतो. आताही भिंतीकडे बघतच म्हणाला, "मीरा म्हणते, बाबांचं तोंड घाण आहे. त्या घरात मी पोरीला आणणार नाही."

एवढं बोलून तो तडक दुपारपाळीला निघून गेला. डबासुद्धा घेतला नाही.

मी स्टोसमोर तशीच उभी राहिले. आता भांडी उडणार, चाळ गोळा होणार, मीराच्या सात पिढ्या निघणार, हे मला ठाऊक होतं. पण बाहेर काहीच आवाज होईना म्हणून डोकावून पाहिलं. हे आरशासमोर उभे होते. तळहात तोंडापुढे धरून हा हा करत होते आणि मग तोच हात नाकाशी नेऊन हुंगत होते.

"काय गो," हे म्हणाले, "माझ्या तोंडाक वास येता?"

मला आधी हसू आलं. मग ते घशातच राहिलं, कारण ह्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ह्या माणसाला घाबरत आले, आणि ह्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मीराला काय म्हणायचं होतं ते मला चंदूचं वाक्य पुरं व्हायच्या आतच कळलं होतं. मीरा बौद्ध आहे. ती आणि चंदू मुलुंडला औषधाच्या कारखान्यात एकत्र पॅकिंगला होती, तिथेच जमलं, आणि लग्न कोर्टात झालं. तेव्हा ह्यांनी आकाशपाताळ एक केलं. पुढे निवळले. सुनेच्या हातचा चहा प्यायला लागले, तिच्याकडून पेपर वाचून घ्यायला लागले. पोरीलाही वाटलं असेल, म्हातारा सुधारला. सातव्या महिन्यात ओटी भरायला तिची आई चंपाबाई आली, येताना डबाभर बेसनाचे लाडू घेऊन आली. ती गेल्यावर हे शेजारच्या दादूबरोबर गॅलरीत लाडू खात बसले. दादूने सहज विचारलं, कोणी केले? ह्यांनी त्या बाईच्या जातीचं नाव घेतलं, त्याच्यापुढे जे लावायचं ते लावलं आणि हसले. तोंडात लाडू तसाच होता. मीरा आत मोरीत ताटं धूत होती. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली, आणि सगळ्यांना सांगितलं की आईची आठवण येते.

ह्यांना ते आठवतही नसणार. ह्यांना शिवी ही शिवी वाटतच नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. उमेदीची सगळी वर्षं परळच्या एका गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, गेली. तिथे मागांची एवढी खडखड, की शिवी घातल्याशिवाय माणूस मागे वळून बघत नाही, असं हे स्वतःच कौतुकाने सांगायचे. मग संप झाला, गिरणी गेली, आणि हे विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. गेटवर शिव्या द्यायची सोय नाही, साहेबलोकांची ये-जा. म्हणून सगळ्या साठवून घरी आणायचे.

आणि वास म्हणाल, तर त्या समजुतीलाही कारण होतं. दिवस गेल्यावर मीराला सगळ्याचाच वास यायचा, फोडणीचा, सुकटाचा, ह्यांच्या मशेरीचा. हे सकाळी मशेरीची डबी घेऊन बसले की ती पदर नाकाला लावून गॅलरीत जायची. तेवढं मात्र ह्यांच्या बरोब्बर लक्षात राहिलं होतं. चोराच्या मनात चांदणं असतं ते खरं, पण ह्यांच्या मनातलं भलत्याच चोरीचं होतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. जो म्हणेल त्याने ह्यांच्याबरोबर एक आठवडा राहून बघावं.

दुसऱ्या दिवसापासून घरात तोंडाची मोहीम सुरू झाली. मशेरीची डबी ह्यांनी स्वतः गटारात फेकली. रोज कडुनिंबाची काडी आणि मग लवंग. जिभलीने जीभ अशी खरवडायचे की थुंकीतून रक्त यायचं. दादू म्हणाला, वास तोंडातून येत असला तरी मूळ पोटात असतं, पोट साफ पाहिजे. झालं, एरंडेल आलं. त्रिफळा आला. एरंडेलाने अंगातलं त्राण गेलं तरी समाधान होईना, तेव्हा उपास सुरू झाले. सोमवार होताच, त्याला गुरुवार जोडला, मग शनिवार. पोटात अन्नच नसलं तर कुजणार काय, असा हिशेब. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी बघत होते आणि साबुदाणा भिजत घालत होते, तर साबुदाणाही नको म्हणाले, नुसतं पाणी. पुढे पाणीही बेतानेच, कारण सारखं गेट सोडून जाता येत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे बोलायचे बंद झाले.

दादूनेच सांगितलं होतं म्हणे, लोकांच्या तोंडासमोर तोंड उघडू नको, बरं दिसत नाही. ह्यांनी ते असं मनावर घेतलं की मलाही उत्तर देईनात. काही हवं असलं की खुणा करायचे. गिरणीच्या साच्याखात्यात आवाजामुळे शिव्या सोडून बाकी सगळं कामगार खुणांनीच बोलायचे, ती सवय बोटांत होतीच. मीठ कमी आहे ही एक खूण, दार लाव ही एक, तू जेवलीस का ही एक. हे शेवटचं मला लग्नापासून कोणी विचारलं नव्हतं. आधी मला खूणच कळली नाही. ह्यांनी पुन्हा केली, ताटाकडे बोट, मग माझ्याकडे. मी हो म्हणून मान हलवली आणि मोरीत जाऊन विनाकारण घासलेली भांडी पुन्हा घासली.

घर शांत झालं. पलीकडच्या खोलीतली प्रेमा येऊन म्हणाली, काकी, काकांना बरं नाही का? आवाज नाही काही. मी म्हटलं, दात दुखतो. रेडिओवरचं गाणं आता पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू यायला लागलं. डाळ करपली तरी कोणी माझ्या आईला वर काढत नव्हतं. चंदू घरात थोडा जास्त वेळ बसायला लागला. मला सुख वाटत होतं, खोटं का सांगू. आणि ते सुख मला एका जागी बसू देत नव्हतं. आत जा, बाहेर जा, गॅलरीत उभी राहा, वाळत घातलेले कपडे पुन्हा झटक. हा माणूस नातीसाठी उपाशी राहतोय, वाळत चाललाय, आणि ज्यासाठी हे चाललंय ते ह्याने होणारच नाही, हे फक्त मला माहीत. चंदूलाही माहीत असणार, पण तो भिंतीकडे बघत राहिला.

आणि गंमत कसली म्हणायची, ह्यांच्या तोंडाला खरंच वास यायला लागला. आधी नव्हता हो. मशेरीचा उग्र दर्प असायचा तेवढाच. आता पाण्याचा पेला द्यायला वाकलं की मेल्या उंदरासारखी घाण यायची. मी तोंड फिरवायचे आणि ह्यांना ते दिसायचं. मग ह्यांचा एक उपास आणखी वाढायचा.

एका गुरुवारी गेटवरच चक्कर येऊन पडले. कारखान्याच्या डॉक्टरने तपासलं आणि म्हणाला, तब्येतीला काही झालेलं नाही, उपास बंद करा, आणि तोंडाचीच काळजी असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जा. घाटकोपर स्टेशनजवळ एक नवीन डॉक्टरीणबाई बसायची. नाव काय, तर सुगंधा. मी पाटी वाचून ह्यांच्याकडे बघितलं, पण हे हसायच्या अवस्थेत नव्हते.

बाई वयाने लहान, पण धीट. ह्यांना खुर्चीत आडवं केलं, दिवा पाडला, आरसा घालून सगळीकडे बघितलं, आणि मग म्हणाली, हा करा. हे करीनात. तिने पुन्हा सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी चारचौघांत कपडे उतरवायला सांगितलं. शेवटी डोळे मिटून हा केलं. ती बाई नाक न मुरडता तिथेच थांबली. तिचं मला फार कौतुक वाटलं.

मग तिने सगळं विचारून घेतलं आणि समजावून सांगितलं. म्हणाली, लोक उगाच पोटाच्या मागे लागतात, वास बहुतेक वेळा तोंडातच तयार होतो. दातांच्या फटीत अडकलेलं, हिरड्यांखाली साचलेलं कीट, जिभेच्या मागच्या भागावरचा थर. ते आज साफ करून देते. पण आत्ताचा तुमचा जो वास आहे ना, तो उपाशी आणि कोरड्या तोंडाचा आहे. लाळ तोंड धूत असते. उपास केला, पाणी प्यायलं नाही, दिवसभर तोंड मिटून बसलं, तर लाळ सुटणार कुठून? सकाळी उठल्यावर सगळ्यांच्या तोंडाला वास येतो तो त्यामुळेच. तुमची तर चोवीस तास सकाळ चालू आहे.

"मग औषध काय?" मी विचारलं.

"पोटभर खा, पाणी प्या," ती ह्यांना म्हणाली, "आणि बोला. भरपूर बोला."

मी तिला विचारलं, थोडं कमी बोललं तर नाही का चालणार? तिला वाटलं मी थट्टा करते. ती हसली.

बसस्टॉपवर येईपर्यंतच हे सुरू झाले. डॉक्टरीण हुशार, हिरड्या ठणकतात, दादू गाढव आहे, आणि दादूबद्दल पुढचं जे काही होतं ते. बसमध्ये कंडक्टरला एक, पुढे उभ्या असलेल्या माणसाला एक. महिनाभराचं तुंबलेलं सगळं एकदम वाहायला लागलं. घरी पोचेपर्यंत आमचे हे पूर्ण बरे झाले होते. जेवताना भाजी तोंडात घातली आणि माझी आई निघाली. चंदू ताटावरून उठून गॅलरीत गेला.

दोनचार दिवसांत वास गेला. अगदी गेला. हे सकाळ-संध्याकाळ हातावर फुंकून बघायचे आणि खूश व्हायचे. मला म्हणाले, रविवारी मानखुर्दला जाऊ, मीच सुनेला घेऊन येतो, आता ती कशाला नाही म्हणेल? इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. नातीसाठी चांदीचे वाळे घेतले.

मी एकदा प्रयत्न केला. शर्टाला बटण लावता लावता म्हटलं, अहो, तोंड घाण म्हणजे वासच असं काही नाही. हे म्हणाले, मग काय? नुसतं मग काय म्हणाले, पण भुवया अशा वर गेल्या की मी दोरा तोडला आणि म्हटलं, काही नाही, दातही असू शकतात. दात साफ केले ना, असं म्हणून ह्यांनी दात दाखवले. पांढरे झाले होते खरे.

मीराचे वडील भाऊराव बसडेपोत फिटर आहेत. शांत माणूस. रविवारी दारात येऊन त्यांनी आम्हाला आत घेतलं, खुर्च्या दिल्या. चंपाबाईंनी चहा टाकला. मीरा नातीला मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती, उठून पाया पडली आणि परत बसली. चंदू आमच्याआधीच येऊन बसला होता. सगळे चांगलं बोलत होते आणि मला त्या खुर्चीत बसवत नव्हतं. मी चहात साखर आहे का नाही हेसुद्धा सांगू शकणार नाही.

ह्यांनी कप खाली ठेवला आणि उठून मीरासमोर जाऊन उभे राहिले. "सूनबाई," हे म्हणाले, "तू सांगितलंस ते खरं होतं. मी वाईट नाय वाटून घेतलं. मशेरी सोडली, डॉक्टर केला, दात साफ केले. आता बघ." आणि हे वाकले, तिच्या तोंडासमोर तोंड उघडलं आणि मोठ्याने हा केलं.

मीरा मागे सरली. मग ह्यांच्याकडे बघतच राहिली. तिला काय चाललंय ते कळेना. "बाबा, हे काय करताय?"

"येतो का वास?"

"वास?" ती म्हणाली. "मी वासाचं कधी काय बोलले?"

ह्यांनी चंदूकडे बघितलं. चंदूला आज बघायला भिंतसुद्धा सापडेना. मग हे मीराला म्हणाले, तूच निरोप दिलास ना, की बाबांचं तोंड घाण आहे. मीरा म्हणाली, हो, दिला. आणि मग तिला एकदम सगळं कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कीव आली म्हणून, मी सांगू शकत नाही. भाऊराव उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना सगळं माहीत होतं तर.

"तोंडातून काय बाहेर पडतं त्याचं बोलले होते मी," मीरा म्हणाली. "वासाचं नाही."

"काय पडलं? काय बोललो मी?"

"तुम्हाला आठवत नाही?"

हे खरंच आठवून बघत होते. मला दिसत होतं. ह्या एवढ्या ढिगातून नेमकं कुठलं काढायचं, ते ह्यांना सापडत नव्हतं. रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. हे शाळेतल्या मुलासारखे उभे राहून विचारत होते, काय बोललो, कधी बोललो.

"आई लाडू घेऊन आली होती तेव्हा," मीरा म्हणाली. "शब्द मी सांगणार नाही. माझ्या मुलीसमोर तो शब्द कोणी बोलायचा नाही, मीसुद्धा नाही."

मग ह्यांना आठवलं. चंपाबाई कपबशा उचलायला आल्या होत्या, ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, हात जोडायला गेले आणि म्हणाले, "ताई, मी तुम्हाला तेव्हा..."

मी ह्यांना ओळखते. सांगायचं म्हणजे जसंच्या तसं सांगायचं, ही ह्यांची रीत. माफी मागतानाही तो शब्द घेऊनच मागितली असती. मी उठले आणि ह्यांच्या तोंडावर हात ठेवला. व्याह्यांच्या घरी, सगळ्यांसमोर. ह्यांनी माझा हात झटकला नाही.

मीराने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नात ह्यांच्या मांडीवर दिली, वाळे घालून घेतले. पण निघताना स्पष्ट सांगितलं, बाबा, रविवारी या, पुढच्या रविवारीही या. तिला इथे येऊन बघा. मी तिकडे येणार नाही. चंदू म्हणाला की तो मानखुर्दलाच खोली बघतोय. बापाकडे बघून म्हणाला. हेही पहिल्यांदाच झालं.

बसस्टॉपवर बाकडं होतं, तिथे आम्ही बसलो. एक बस आली, आमचीच होती, हे उठले नाहीत. मी वाट बघत होते. आता सुरू होईल, आता माझ्यावर येईल. हातरुमालाची घडी घालत होते, मोडत होते.

"तुका माहीत होता," हे शेवटी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"चंदूने निरोप सांगितला तेव्हापासून."

"मग मेल्या माणसासारखो मी उपास करत होतंय, तेव्हा सांगलंस नाय कित्याक?"

मनात आलं, काहीतरी सारवासारव करावी. भीती वाटली म्हणावं, तुमची तब्येत म्हणावं. पण त्या दिवशी माझ्या अंगातली सगळी भीती त्या खुर्चीत बसूनच संपली होती.

"तुम्ही गप्प होता ना," मी म्हटलं, "म्हणून नाही सांगितलं. मला बरं वाटत होतं."

ह्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे वास तुका पण येत होता?"

"लग्नापासून," मी म्हटलं.